चेहऱ्यावरची जखम आणि मागे राहणारा वण : टाके घालण्यापूर्वी काय पाहावे?

दुधनाकाठ
सोमवार, रात्री १०.२०

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शल्यचिकित्सक म्हणून काम करतो. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यात येणाऱ्या जखमांचे स्वरूप बदलते. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात आदळलेले दुचाकीस्वार, कोयता निसटून गाल चिरलेले तोडणी कामगार, दावे सोडताना बैलाने मान झटकली म्हणून शिंग लागलेली पोरे, असे रुग्ण आठवड्यातून दोन-तीन तरी येतात. सोबतच्या माणसांचे बोलणे मात्र वर्षानुवर्षे तेच आहे. जखमी मुलगा असेल तर ‘डॉक्टर, लवकर टाके मारा, गाडी थांबवून आलो आहोत’, आणि मुलगी असेल तर ‘वण राहील का? उद्या पाहुणे यायचे म्हटले तर कसे?’ घाई आणि धास्ती या दोन्ही गोष्टी चेहऱ्याच्या जखमेला सारख्याच नडतात, असे माझे मत झाले असून त्याची कारणे सविस्तर मांडावीत म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी वेळेबद्दल. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणूनच लहानशी चीरसुद्धा सदरा भिजवते आणि पाहणाऱ्याची पाचावर धारण बसते. परंतु त्याच रक्तपुरवठ्यामुळे चेहऱ्याची जखम सहसा चिघळत नाही, लवकर भरते आणि निळसर पडलेली, आता जाणार असे वाटणारी त्वचेची कडही पुष्कळदा जगते. सहा-आठ तासांच्या आत टाके पडलेच पाहिजेत हा जुना दंडक हातापायांच्या जखमांवरून आलेला आहे. चेहऱ्यावरची नीट धुतलेली जखम चोवीस तासांपर्यंत, प्रसंगी त्यानंतरही, शिवता येते. रात्री अकरा वाजता अपुऱ्या उजेडात, दमलेल्या हातांनी शिवून घेण्यापेक्षा जखम धुऊन, तिच्यावर सलाईनमध्ये भिजवलेली पट्टी ठेवून, दुसऱ्या दिवशी सकाळी योग्य माणसाकडून शिवून घेणे अनेकदा अधिक हिताचे असते. अर्थात रक्त दाबूनही थांबत नसेल, श्वासाला अडथळा होत असेल, माणूस काही काळ बेशुद्ध होता, उलट्या होत आहेत किंवा मान दुखते आहे, असे काहीही असेल तर चेहरा बाजूला ठेवून आधी १०८ ला फोन करावा. फाटलेला गाल सर्वांना दिसतो आणि कवटीच्या आतला रक्तस्राव कोणालाच दिसत नाही, हे मी एकदा फार महागात शिकलो आहे.

आता धुण्याबद्दल, कारण माझ्या मते निम्मे काम तिथेच होते. डांबरी रस्त्यावर घसरलेल्या माणसाच्या त्वचेत डांबर, खडी आणि माती यांची बारीक भुकटी घुसते. ती पहिल्याच दिवशी भूल देऊन, मऊ ब्रशने आणि भरपूर सलाईनने घासून काढली नाही, तर त्वचा तिच्यावरून भरून येते आणि निळे-काळे ठिपके गोंदणासारखे कायमचे राहतात. आपल्या आज्यांच्या कपाळावरचे गोंदण ज्या कारणाने जात नाही, त्याच कारणाने हे ठिपकेही जात नाहीत. पुढे लेसरने ते काही प्रमाणात फिके करता येतात, पण त्यासाठी मोठ्या शहरात अनेक खेपा घालाव्या लागतात आणि पैसेही बरेच मोजावे लागतात. पहिल्या दिवशीची अर्ध्या तासाची घासणी हे सगळे वाचवते. जखमेच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा न विरळ केलेले जंतुनाशक ओतू नये, कारण जंतूंबरोबर जखम भरून आणणाऱ्या पेशीही मरतात. घरी असताना नळाचे स्वच्छ वाहते पाणी पुरेसे आहे. आणि फाटलेल्या, वेड्यावाकड्या कडा ‘सरळ करून घेतो’ म्हणून कात्रीने कापण्याचा मोह शिवणाऱ्याने टाळावा, कारण चेहऱ्यावर जादा त्वचा नसते आणि ती वेडीवाकडी कडच समोरच्या कडेशी कोड्याच्या तुकड्यासारखी जुळून दिशा दाखवते.

शेवटचा मुद्दा खुणांचा. चेहऱ्यावर काही रेषा अशा आहेत की त्या जराशा चुकल्या तरी समोरच्याची नजर तिथेच जाते. ओठाचा लाल भाग संपून त्वचा जिथे सुरू होते, ती रेषा एक मिलिमीटरने जरी वरखाली झाली, तरी बोलण्याच्या अंतरावरून कळते. म्हणून भुलीचे इंजेक्शन देण्याआधी त्या रेषेवर जखमेच्या दोन्ही बाजूंना शाईने ठिपका द्यावा, कारण औषधाने ओठ सुजतो आणि त्यात मिसळलेल्या ॲड्रिनलिनमुळे पांढरा पडतो, मग रेषा शोधूनही सापडत नाही. पहिला टाका त्या ठिपक्यांना जोडणारा आणि बाकीचे त्यानंतर. भुवईचे केस तासू नयेत. भुवई हीच तिथली खूण असते, आणि तासलेले केस काही वेळा पूर्वीसारखे येतही नाहीत.

दोऱ्याविषयी आणि टाके काढण्याविषयी मुद्दाम लिहिलेले नाही. प्रश्न येतील तसे लिहीन.


ओसरीवरून
सोमवार, रात्री ११.०५

डॉक्टरसाहेब, तासू नये असे आपण लिहिलेले वाचले आणि हात थबकला. माझा मुलगा तिसरीत असताना वाड्याच्या दगडी पायरीवर पडला आणि डावी भुवई मधोमध फाटली. आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तिथे आधी वस्तऱ्याने भुवई साफ केली, जाड काळ्या दोऱ्याने चार टाके घातले आणि ‘पंधरा दिवसांनी या’ असे सांगितले. आम्ही बाराव्या दिवशी गेलो. आता दोन वर्षे झाली. भुवईच्या मध्ये केस नसलेली पट्टी आहे, दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींना भेटत नाहीत आणि टाक्यांच्या जागी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या खुणा आहेत. शाळेत मुले त्याला ‘तुटकी भुवई’ म्हणतात. आमचे काय चुकले, आणि आता काही करता येईल का, हे कृपया सांगावे.


दुधनाकाठ
मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, आपले काहीच चुकले नाही. सांगितलेल्या तारखेच्याही आधी आपण गेलात.

शिडीसारख्या खुणांचे कारण असे. टाक्याचा दोरा त्वचेला आरपार भोक पाडून जातो, आणि त्वचेच्या पेशी त्या भोकाच्या कडेने, दोऱ्याच्या अंगाने, आत उतरू लागतात. दोरा आठवडाभरापेक्षा जास्त काळ राहिला की ही वाट पक्की होते आणि दोरा काढल्यावरही तिची खूण उरते. त्यात टाका करकचून आवळलेला असेल तर सूज आल्यावर तो त्वचेत रुततो आणि आडवी रेघ उमटते. म्हणून पापणीचे टाके तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, गाल-कपाळ-भुवईचे साधारण पाचव्या दिवशी आणि ओठ व कानाचे पाच ते सात दिवसांत काढावेत असा नियम आहे. पंधरा दिवस हा हिशेब गुडघ्यासारख्या ताणाच्या जागांचा आहे.

पाच दिवसांत टाके काढले तर जखम उघडणार नाही का, असे विचारले जाते. ती भीती अगदीच निराधार नाही. आठवडाभरात जखमेला मूळ त्वचेच्या जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास बळ आलेले असते आणि वर्षानंतरही ते ऐंशी टक्क्यांच्या पुढे फारसे जात नाही. त्यामुळेच चेहरा दोन थरांत शिवायचा असतो. आतला थर विरघळणाऱ्या दोऱ्याने असा जोडायचा की कडा ताणाशिवाय एकमेकींना आपोआप टेकतील, आणि वरचा थर केसासारख्या बारीक, पाच-शून्य किंवा सहा-शून्य जाडीच्या नायलॉनने केवळ कडा समपातळीत आणण्यासाठी. शून्ये जितकी जास्त तितका दोरा बारीक, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बाहेरचे टाके लवकर काढता येतात ते आतल्या टाक्यांच्या भरवशावर, आणि त्यानंतर दोन आठवडे जखमेवर आडवी कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी.

आपल्या मुलाबद्दल: वण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते, तो काळ उलटून गेला आहे. आता प्लास्टिक सर्जन जुना वण काढून, केसांच्या मुळांच्या तिरकेपणाला समांतर चीर घेऊन, भुवईची टोके पुन्हा जुळवू शकतात. पट्टी रुंद असेल तर डोक्याच्या मागचे केस तिथे रोवता येतात, पण ते डोक्याच्या केसांसारखेच वाढतात आणि कापत राहावे लागतात. घाई नाही. मुलाला स्वतःला ते हवे आहे का, हे आधी त्याला विचारावे. थोडा मोठा झाला की ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता, जागेपुरत्या भुलीखालीही होऊ शकते.


खडकाळ माळ
मंगळवार, दुपारी २.४०

वरील लिखाण शास्त्रशुद्ध आहे, परंतु त्यातून बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या माझ्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यावर नकळत ठपका येतो, म्हणून लिहितो. माझ्याकडे तीन-शून्य रेशमी दोरा आहे, नायलॉन मागवूनही वेळेवर येत नाही. सुई धरण्याचा चिमटा पोटाच्या शस्त्रक्रियेच्या मापाचा आहे. रात्री मी आणि एक परिचारिका असतो, आणि त्याच वेळी बाळंतपणही चालू असते. रुग्णाला ‘उद्या सकाळी अंबाजोगाईला जा’ म्हटले तर नातेवाईक म्हणतात की डॉक्टरला टाकेसुद्धा घालता येत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ते सरपंचाकडे तक्रार घेऊन जातात. मग मी शिवतो. जाड दोऱ्याने शिवतो, आणि वण राहणार हे मला शिवतानाच कळत असते.


दुधनाकाठ
मंगळवार, रात्री ९.३०

साहेब, आपण लिहिलेत ते मान्य आहे आणि माझ्या लिखाणात ते यायला हवे होते. मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षे अशाच केंद्रावर काढली आहेत.

तरी दोन गोष्टी सुचवतो. सहा-शून्य नायलॉनचे पाकीट बहुतेक तालुक्यांच्या औषध दुकानांत मिळते. रुग्णाच्या माणसाला चिठ्ठी देऊन ते आणवण्यात कमीपणा नाही. बारीक चिमटा मात्र एकदा पदरचे पैसे घालून घ्यावा, तो वीस वर्षे टिकतो. आणि न शिवता पुढे पाठवणे म्हणजे उपचार न करणे असे नातेवाइकांना वाटते, त्याला उपाय हा की दिसेल असे उपचार करावेत: भूल देऊन जखम धुवावी, डांबर घासून काढावे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे, ओली पट्टी नीट बांधावी, आणि कागदावर काय केले व कोणत्या वेळी केले हे लिहून द्यावे. चिठ्ठीवर ‘चोवीस तासांच्या आत शिवावे’ असे ठळक लिहिले की माणसे निश्चिंत होतात, कारण त्यांना मुदत कळते.

आणखी एक, दोरा जाडच असेल तर टाके विरळ व सैल घालावेत आणि चौथ्या-पाचव्या दिवशी काढून टाकावेत. जाड दोरा पाच दिवस राहिला तर चालेल, बारीक दोरा पंधरा दिवस राहिलेला चालणार नाही.


मांजरातीर
मंगळवार, रात्री १०.१०

नमस्कार. आजच घडलेले असल्यामुळे मध्येच विचारतो आहे, क्षमा असावी. माझ्या चुलतभावाला, वय २४, संध्याकाळी साडेसातला गोठ्यात बैलाचे शिंग लागले. वरचा ओठ डाव्या बाजूला फाटला असून चीर लाल भागातून वर मिशीपर्यंत गेली आहे. काकूंनी लगेच हळद दाबली, रक्त थांबले आहे. समोरचा एक दात हलतो आणि त्याचा कोपरा तुटलेला दिसतो. शुद्धीवर आहे, बोलतो आहे, उलटी नाही. गावापासून लातूर पन्नास किलोमीटर आहे. गावातले डॉक्टर ‘आत्ता तीन टाके घालून देतो’ म्हणतात. काय करावे?


दुधनाकाठ
मंगळवार, रात्री १०.२५

इथे लिहून निदान होत नाही, तरी आपण दिलेल्या माहितीवरून सांगतो. रात्री दुचाकीवरून लातूरला निघू नका. हळद पाण्याने धुवून काढा. चुळा भरायला लावा. स्वच्छ ओले फडके ओठावर ठेवून बर्फ फडक्याबाहेरून लावा. गोठ्यातली जखम आहे, त्यामुळे धनुर्वाताचे इंजेक्शन आज रात्रीच गावातल्या डॉक्टरांकडून घ्या. टाके सकाळी लातूरला, ओठाची रेषा जुळवण्याचा सराव असलेल्या सर्जनकडून. दहा-बारा वाजले तरी पंधरा-सोळा तासच होतात.

दाताचा तुटलेला तुकडा सापडला का? त्याचे उत्तर आत्ता शोधा, झोपण्यापूर्वी. रात्रीतून गुंगी, उलटी, डोके जास्त दुखणे किंवा नव्याने रक्त असे काही झाले तर सकाळची वाट पाहू नका.


जबडा आणि दाढ
मंगळवार, रात्री १०.५०

मी मुख व जबड्याचा शल्यचिकित्सक आहे. वरच्या प्रश्नाचे कारण स्पष्ट करतो. तुटलेला दाताचा तुकडा गोठ्यात सापडला नाही, तर तो ओठाच्या मांसात रुतलेला असू शकतो, गिळलेला असू शकतो, क्वचित श्वासनलिकेत गेलेला असतो. ओठात रुतलेल्या तुकड्यावरून टाके घातलेला रुग्ण मी पाहिलेला आहे. ओठ महिनाभर सुजलेला राहतो आणि कारण कोणालाच कळत नाही. ओठाचा एक साधा एक्स-रे पुरतो. हलणारा दात ओढू नये, त्याला शेजारच्या दातांशी तारेने बांधून वाचवता येते.

टाके घालण्याआधी जबडाही तपासावा. ‘दात पूर्वीसारखे बसतात का?’ हा प्रश्न रुग्णालाच विचारावा, कारण त्याच्याइतके ते कोणालाच कळत नाही. बसत नसतील तर हाड मोडलेले असण्याची शक्यता मोठी. डोळ्याखालचा गाल बधिर असेल किंवा एकाची दोन दिसत असतील तर सीटी स्कॅन करावा. नाकाला मार असेल तर नाकपुडीत दिवा धरून मधल्या पडद्यावर निळसर-लाल फुगवटा आहे का ते पाहावे. तो रक्ताचा साठा त्याच दिवशी काढला नाही तर आतली कूर्चा (लवचीक, मऊ हाड) विरघळते आणि काही महिन्यांत नाक घोड्याच्या खोगिरासारखे बसते. बाहेरून एकही जखम नसताना हे घडते, म्हणून ते सुटते. कानाच्या कूर्चेवर साठलेल्या रक्ताचेही तेच. कुस्तीगिरांचे कान चुरगळलेले का असतात, हे तालमीत गेलेल्यांना माहीत आहे.

गालावरची खोल चीर हा वेगळाच विषय आहे. कानासमोरच्या उंचवट्यापासून वरच्या ओठाच्या मध्यापर्यंत रेषा कल्पिली, तर तिच्या मधल्या तृतीयांशाच्या आसपास लाळेची नलिका जाते. ती कापली गेली आणि वरून नुसती त्वचा शिवली, तर जेवताना गालातून लाळ झिरपू लागते. त्याच भागात चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या आहेत. म्हणून भूल देण्याआधी कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटणे, गाल फुगवणे, दात दाखवणे या चार गोष्टी करून घ्याव्यात; भूल दिल्यावर काहीच कळत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली सोडलेल्या उभ्या रेषेच्या कानाकडच्या बाजूला नस तुटली असेल तर ती जोडावीच लागते, आणि पहिल्या बहात्तर तासांत तुटलेले टोक यंत्राने चेतवून शोधता येते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात चीर असेल तर अश्रूंची नळी तपासण्यासाठी नेत्रतज्ज्ञ हवेत. ही कामे खऱ्या अर्थाने मोठ्या रुग्णालयाची आहेत. बाकी तालुक्याला होऊ शकतात.


पैठणचा पाहुणा
बुधवार, सकाळी ८.००

मी इतिहासाचा शिक्षक. विषय सोडून जात नाही, पण एक नोंद इथे असावी असे वाटते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या हाती सापडला होता, त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची त्वचा उतरवून त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून पाहायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेषा ओढायची आणि दोन डोळ्यांच्या मध्ये त्वचेचा एक देठ शाबूत ठेवून ती उलटवायची, अशी कृती त्यात दिली आहे. चिकटवण्यासाठी वापरला होता कात, आपण विड्यात घालतो तोच. देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापला. हे वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. विद्येला अशी परंपरा असलेल्या मुलखात भुवई नीट शिवली जात नाही, याचे वाईट वाटते.


दुधनाकाठ
बुधवार, सकाळी ८.४५

गुरुजी, नोंद विषयाला धरूनच आहे. तो देठ शाबूत ठेवण्याचे कारण रक्तपुरवठा, ज्यावर हा सगळा धागा उभा आहे. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची रीत आजही वापरात आहे. सुश्रुतसंहितेत शिवणीचे चार प्रकार दिले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. त्यातली तुन्नसेवनी म्हणजे रफू. चांगला रफूगार कापड ओढत नाही, ताण न देता धाग्याला धागा भिडवतो. चेहऱ्याच्या शिवणीत मी नव्या मुलांना हेच सांगतो.


पांढरी टोपी
बुधवार, दुपारी ४.१५

मी परिचारिका म्हणून जिल्हा पातळीवर काम करते. एक गोष्ट राहिली आहे. कुत्रे चावलेल्या लहान लेकरांचा चेहरा. लेकरांची उंचीच अशी असते की कुत्रे थेट तोंडावर येते. अशा वेळी आई-वडील टाक्यांसाठी हट्ट धरतात आणि रेबीजचा मूळ धोका बाजूला राहतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, हे घरीच सुरू करायचे. रक्त आलेला प्रत्येक चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचा; त्यात लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) टोचावे लागते; नुसती दंडातली लस पुरत नाही, आणि चेहरा मेंदूच्या जवळ असल्यामुळे तर उशीर चालतच नाही. सीरम जखमेत भरल्याशिवाय टाके घालू नयेत. घालावेच लागले तर सीरमनंतर काही तासांनी, सैल आणि मोजके. लसीच्या तारखा चुकवू नयेत: कातडीत देतात ती लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देतात तिला १४ वा दिवसही असतो. मिरची, चुना, रॉकेल हे अजूनही जखमेत भरून आणतात, आणि ते काढताना लेकरू जे ओरडते ते ऐकवत नाही.


ओसरीवरून
बुधवार, सायंकाळी ६.३०

हळदीचा उल्लेख वर आला, म्हणून विचारते. हळद खरोखर अपायकारक आहे का? आमच्याकडे कोणतीही जखम झाली की हळदच. आणि वण फिका होण्यासाठी टाके काढल्यावर नेमके काय लावावे? मेडिकलवाला दर वेळी वेगळी ट्यूब देतो.


दुधनाकाठ
बुधवार, रात्री ९.५०

हळद विषारी नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुकही नसते, आणि तिची पूड, चहापत्ती, तंबाखू किंवा कॉफी जखमेत गेली की ती एकेक कण काढून धुवावी लागते. रक्त थांबते ते हळदीमुळे नव्हे, हळद दाबणाऱ्या हातामुळे. तोच हात स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे, मध्ये उचलून न पाहता, दाबून ठेवावा.

वणाबद्दल: नवी त्वचा उन्हात काळवंडते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर तो काळा डाग कधीकधी वणापेक्षा जास्त दिसतो. मराठवाड्याच्या उन्हात पहिले सहा महिने ते वर्षभर टोपी, ओढणी किंवा गमछा आणि तीसहून अधिक संरक्षण गुणांकाचे सनस्क्रीन एवढे सांभाळले तरी पुष्कळ आहे. टाके निघाल्यावर, जखम पूर्ण मिटली असेल तर, सिलिकॉनची जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने नियमाने लावावी. तज्ज्ञ सहसा तिचीच शिफारस करतात. तिसऱ्या आठवड्यानंतर बोटाने हलके चोळावे. उरलेल्या बहुतेक ट्यूबांवर पैसे घालवू नयेत. त्यातल्या काही ट्यूबांमध्ये तर स्टेरॉइड असते आणि ते चेहऱ्याची त्वचा पातळ करते. वण कडक होऊन मूळ जखमेच्या बाहेर पसरू लागला, खाजू लागला, तर मात्र लवकर दाखवावे. जबड्याची कड आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा आहेत, आणि सुरुवातीलाच वणात इंजेक्शन दिले तर तो आटोक्यात येतो.


खडकाळ माळ
गुरुवार, सकाळी ७.५०

खर्चाचा मुद्दा कोणी काढला नाही, म्हणून थोडक्यात. अपघात मोटार वाहनाचा असेल तर मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत. त्यासाठी पोलिसांत नोंद लागते. बैलाचे शिंग तिच्यात बसत नाही. जखमीला आणून सोडणाऱ्या माणसाला पोलीस अडकवतात, ही भीती मात्र आता सोडून द्यावी. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे.

आणि दुधनाकाठ यांच्यासाठी: चिमटा मागवला आहे.


मांजरातीर
रविवार, दुपारी १२.३०

कळवायचे राहिले. त्या रात्री धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. दाताचा तुकडा बॅटरी घेऊन शोधला, गव्हाणीत सापडला. बुधवारी सकाळी लातूरला साडेदहा वाजता टाके पडले, म्हणजे पंधरा तासांनी. त्यांनीही आधी शाईचे ठिपके दिले, तेव्हा भावाला धाग्यातले वाचून दाखवले होते म्हणून तो घाबरला नाही. ओठात आतून, मध्ये मांसात आणि वरून असे तीन थर शिवले. दात तारेने बांधला आहे. मंगळवारी टाके काढायचे आहेत. दोन शंका आहेत. डॉक्टरांनी मिशी काढली नाही, ती टाक्यांत गुंतते आहे, कापावी का? आणि पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तोवर ओठ नीट दिसेल का?


दुधनाकाठ
रविवार, रात्री ९.१०

मिशी आत्ता कापू नका, केसाऐवजी दोरा कापला जाईल. टाके काढतानाच ते कात्रीने बारीक करून देतील. वस्तरा तीन आठवडे नको. आतले टाके आपोआप गळतील, जिभेने चाळवू नका. तिखट-गरम जेवण आठवडाभर टाळा आणि हुरड्याचे बोलावणे आले तरी दातांनी काही सोलू नका, तार निघेल.

लग्नात ओठ सूजरहित असेल, पण वण लाल आणि हाताला कडक लागेल. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो सर्वांत वाईट दिसतो आणि नेमके त्याच वेळी लोक घाबरून उपाय करत सुटतात. त्यानंतर तो स्वतःहून मऊ आणि फिका होऊ लागतो. त्या वेळी एकदा लातूरच्या डॉक्टरांना जरूर दाखवून या. टाके काढले की आमच्याकडे परत कोणी येत नाही, आणि आपण जुळवलेली रेषा सहा महिन्यांनी कुठे उभी आहे हे आम्हाला कधी पाहायलाच मिळत नाही.


मांजरातीर
रविवार, रात्री ९.४०

नेतो. दाताची तार काढायला जायचेच आहे, तेव्हाच पुढची तारीखही घेऊन येतो.